दीड इंच माया

२०१८ सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. थळच्या बाजारातल्या आमच्या शिवणाच्या दुकानात एक मॅडम पिशवीत पांढरा झगा घेऊन आल्या. नवगावच्या वाटेवर त्यांचा बंगला आहे, शनिवार-रविवार मुंबईहून येतात. म्हणाल्या, "काकू, कमरेत थोडा घट्ट होतोय, सैल करून द्याल? वेंडेलचाच आहे. म्हणजे, आता तिथे नवी डिझायनर आहे ना."

मी झगा हातातसुद्धा घेतला नाही. चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "ते घर संपलं हो मॅडम. हात बदलला की उरते ती नुसती चिठ्ठी." चिठ्ठी म्हणजे मानेपाशी शिवलेलं नाव. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढच्या आठवड्यात आणखी दोघींना ऐकवलं. मॅडम ओशाळल्या, झग्याची घडी करून पिशवीत परत ठेवली. मागे सून ओव्हरलॉकवर बसली होती. तिचं मशीन जरा थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

त्या झग्याची शिलाई कशी होती, कापड उभं बेतलं होतं की उरेब, हे मला आजही सांगता येणार नाही. मी पाहिलंच नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं कापडात घालवलेल्या बाईने कापड न उलटता निकाल दिला.

वेंडेल रॉड्रिक्स हे नाव माझ्या दुकानात आलं तेही याच मॅडमच्या पिशवीतून, २०११च्या पावसाळ्यात. तेव्हाचा झगाही पांढराच होता, खालून दोन इंच आखूड करायचा होता. सवयीने मी तो उलटा केला आणि बघतच राहिले. आत कुठे कापडाची कच्ची कड नव्हती. प्रत्येक शिलाई उलटून पुन्हा घेतलेली. टक्स नाहीत, चुण्या नाहीत, मणी-टिकल्यांचं तर नावच नको. कापड उरेब बेतलेलं, त्यामुळे अंगावर ते आपलं आपण पडत होतं. उरेब कापड हट्टी असतं. टेबलावर शहाण्यासारखं पडून राहतं आणि टांगलं की एका बाजूला लोंबायला लागतं. पहिली रात्र मी तो झगा नुसता खुंटीला टांगून ठेवला, दुसऱ्या रात्री खालची पट्टी हाताने घातली. दोन इंचांसाठी दोन रात्री. पैसे मी नेहमीचेच घेतले, कारण शिकले मीच होते.

मग त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले. १९६०चा, मुंबईत जन्मलेला गोवेकर. आधी हॉटेलच्या धंद्याचं शिक्षण, मग ओमानमध्ये नोकरी, आणि ती सोडून लॉस एंजेलिस आणि पॅरिसला जाऊन कपड्यांचं शिक्षण. सगळे जरी-जरदोसीच्या मागे असताना हा साधेपणाच्या मागे. बारदेशातल्या कोलवाळ गावी जुन्या घरात राहायचा. गोव्यातल्या कुणबी बायकांची तांबडी, चौकड्यांची, खांद्यावर गाठ मारून नेसायची साडी हरवत चालली होती. ती त्याने शोधून काढली, विणकर गाठले आणि थेट फॅशन शोच्या मंचावर नेली. गोव्याच्या पेहरावाच्या इतिहासावर 'मोडा गोवा' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. २०१४ साली पद्मश्री मिळाली.

ते वाचून मी आमच्या कोळणींच्या लुगड्यांकडे नव्याने पाहिलं. तोवर माझ्या लेखी ते मासळी बाजारात नेसायचं कामाचं कापड होतं. त्यामुळे वेंडेलबद्दल मला जे वाटायचं ते भक्तीच्या जवळचं होतं, आणि भक्ती जडली की माणूस शहाणपण बाहेर चपलांपाशी ठेवतो.

२०१६ साली त्याने आपलं घर, म्हणजे आपलं नाव लावून चालणारं काम, शुलेन फर्नांडिस या आपल्या शिष्येच्या हाती दिलं आणि स्वतः कोलवाळच्या घरात पेहरावांचं संग्रहालय उभारण्याच्या मागे लागला. साठीही गाठली नव्हती. मला राग आला, आणि गंमत म्हणजे तो त्याचा नव्हता, तिचा होता. त्याने तर आपणहून दिलं होतं. पण माझ्या मनात तिने ते घेतलं होतं. तिचा एकही कपडा मी पाहिलेला नव्हता. १२ फेब्रुवारी २०२० रोजी तो गेला तेव्हा मी सुनेला म्हटलं, "आता खरंच संपलं." सून म्हणाली, "त्याने तर चार वर्षांपूर्वीच दिलं होतं, आई." मी तिला गप्प केलं.

हा राग कुठून येत होता हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी कलेबिलेबद्दल बोलले असते. खरं कारण दुकानातल्या लाकडी टेबलाच्या खणात होतं. ती सासूबाईंची कात्री.

मी थळला लग्न होऊन आले तेव्हा दुकान सासूबाई चालवत. आरसीएफचा कारखाना नुकताच उभा राहत होता, त्याच्या वसाहतीतल्या बायका कुरूळहून सासूबाईंकडे कपडे शिवायला येत. सासूबाई कागदावर न काढता थेट कापडावर खडू फिरवत आणि एका दमात बेतत. १९९६ साली मोतीबिंदूमुळे त्यांना दोरा ओवता येईना, तेव्हा त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. पुढची दोन वर्षं मी काय ऐकलं ते माझं मला ठाऊक. "म्हातारीच्या हाताची सर नाय." "मुंढा ओढतो गो." एका बाईने माझ्यासमोर कापड उचललं आणि अलिबागला नेलं. रात्री मी रडायचे, आणि सकाळी सासूबाई जसं करायच्या तसंच, अगदी तसंच करायचं असं ठरवायचे.

त्यातून मी एक सासूबाई घडवल्या. माझ्या सासूबाईंनी कधी कटोरी ब्लाऊज शिवला नाही, कारण ते बाजारू. त्या फक्त चार टक्सचाच शिवत. गळ्याला पट्टी हातानेच. खिसा? बाईच्या कपड्याला कसला खिसा! गिऱ्हाईक काही नवं मागायला लागलं की मी म्हणायचे, "आमच्याकडे सासूबाईंच्या पद्धतीने होतं." हळूहळू तक्रारी थांबल्या. लोकांना वाटलं, घर तेच आहे. मलाही तसंच वाटू लागलं.

सून आली २०१५ साली. पनवेलला फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा केलेली. कागदावर माप काढायची, कुर्त्यांना खिसे लावायची, सैल कपडे शिवायची. तिला मी ओव्हरलॉक दिलं, पिको-फॉल दिलं, काज-बटण दिलं. बेतायला मात्र आठ वर्षं दिलं नाही. ज्या बोलण्यांनी मी रडायचे त्यातलं एक न एक बोलणं मी तिला ऐकवलं, आणि माझ्या तोंडी ते शिकवणं होतं.

२०२३च्या मार्चअखेरीस एका दुपारी सुनेने फोन माझ्यासमोर धरला. "आई, हे बघा, आपल्या गेटवेला." आमची मांडव्याची लाँच जिथे लागते त्याच गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीपुढे भलंमोठं भरतकाम केलेलं तोरण उभं केलेलं, आणि पुढून मुली चालत येत होत्या. ३० मार्चला डिओर या पॅरिसच्या नामांकित घराने तिथे आपले कपडे दाखवले. तोरणाचं काम मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या कारखान्याचं. त्या घराची तेव्हाची डिझायनर मारिया ग्राझिया क्युरी ही इटालियन बाई आणि चाणक्यच्या करिश्मा स्वाली यांची ओळख फार जुनी, डिओरच्याही आधीची. आरी-जरदोसीचे मुंबईतले कारखाने पिढ्यानपिढ्या पुरुषांचे, म्हणून चाणक्यने २०१६मध्ये बायकांना हे काम शिकवणारी शाळा काढली, हेही सुनेने सांगितलं. क्युरी डिओरमध्ये आली तीही २०१६मध्येच. त्या घराच्या सत्तर वर्षांत ती पहिली बाई.

मी म्हटलं, "चांगलं आहे. पण मूळ माणूस असता तर त्याने हे केलं नसतं."

"मूळ माणूस दहाच वर्षं होता, आई," सून म्हणाली.

आणि तिने बोटांवर मोजून दाखवलं. क्रिस्तियाँ डिओरने पहिले कपडे दाखवले फेब्रुवारी १९४७मध्ये. महायुद्धात कापडावर रेशनिंग होतं, आणि याने घट्ट कमरेखाली वार-वार कापडाचे घेरदार झगे काढले. जग वेडं झालं. १९५७ साली तो अचानक गेला. त्याच्या जागी आला त्याचा एकवीस वर्षांचा मदतनीस, ईव्ह सँ लोराँ. त्याने १९५८च्या पहिल्याच खेपेला ती कंबरच सोडून दिली, खांद्यापासून खाली सैल पडणारे झगे काढले. लोकांनी उचलून धरलं. पण दोनच वर्षांनी त्याचं आणखी धाडसी काम जुन्या गिऱ्हाइकांना रुचलं नाही, तो सैन्यात गेला आणि जागा मार्क बोआँला मिळाली. तो जवळजवळ तीस वर्षं राहिला, त्याचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. मग जानफ्रांको फेरे, जॉन गॅलियानो, राफ सिमन्स, आणि मग क्युरी.

"मग नाव त्याचंच कशाला ठेवलंय?" मी म्हटलं आणि फोन परत दिला. माझ्या मतात टाचणीएवढाही फरक पडला नाही. पॅरिसच्या माणसांच्या तारखांनी थळच्या बाईचा हट्ट सुटत नाही.

सुटला तो एका पोलक्यामुळे.

त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणून नारळी पौर्णिमा थेट ऑगस्टच्या शेवटी आली. तिच्या दहा-बारा दिवस आधी कोळीवाड्यातली एक आजी आली. पंचाहत्तरीच्या पुढची. कापडी पिशवीतून तिने खणाचं अंजिरी पोलकं काढलं. डांबराच्या गोळ्या आणि सुकट, दोन्हींचा वास एकदम आला. "माज्या नातीला करून दे. मिरवणुकीला घालील. तुज्या सासूच्या हातचा हाय, जपून उसव."

ते मी सुनेच्या हाती देणं शक्यच नव्हतं. जेवणं उरकल्यावर स्वतः घेऊन बसले. बाहेर पाऊस, वीज गेलेली, इन्व्हर्टरवर एकच दिवा. पोलकं उलटं केलं आणि आधी वाटलं की आजी चुकली, हे सासूबाईंचं नाहीच. कारण ते कटोरीचं होतं.

दोन्ही वाट्या नीट गोल, एकाही ठिकाणी चुणी नाही. खणाचं कापड आधीच अरुंद, त्यात कटोरी बसवायची म्हणजे तुकडे किती जपून काढावे लागतात हे शिवणाऱ्यालाच कळेल. मी काखेपाशी दिवा नेला. बाहीच्या आत हातशिलाई होती, आणि प्रत्येक सातव्या-आठव्या टाक्याला एक उलट टाका. ही खूण मी ओळखत होते. ती त्यांनी मला शिकवली होती. कापड ओढलं गेलं तरी सगळी शिलाई एकदम उसवू नये म्हणून त्या तसं करत. माझ्याशिवाय थळमध्ये कुणी तसं करत नाही.

म्हणजे माझ्या सासूबाईंनी कटोरी शिवली होती. आणि ती माझ्यापेक्षा चांगली शिवली होती.

मी बाजूची शिलाई उसवायला घेतली. आत माया होती. आपण शिवताना शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतो त्याला माया म्हणतात. लहानपणापासून मी हा शब्द हजारदा बोलले असेन, पण त्या रात्रीपर्यंत तो कधी कानावर पडला नव्हता. साधारण अर्धा-पाऊण इंच सोडतात. इथे प्रत्येक बाजूला दीड इंच होती. खणासारख्या महाग, अरुंद कापडात दीड इंच! आणि चालू शिलाईच्या अंगाकडच्या बाजूला सुईच्या भोकांच्या दोन जुन्या ओळी होत्या. एकदा शिवलेलं, मग त्याच हाताने एकदा सैल केलेलं, पुन्हा एकदा. आजी तेव्हा तरुण असणार. लग्नातलं अंग, मग पहिलं बाळंतपण, मग दुसरं. प्रत्येक वेळी त्यांनी ते उसवलं आणि आतलंच थोडं बाहेर काढलं. दोनदा काढूनही नातीसाठी पुरेसं उरलं होतं.

मी बराच वेळ ती भोकं बोटाने चाचपत बसले. ज्या बाईचं मी कडक, न बदलणारं एक चित्र करून टेबलापाठीमागे टांगलं होतं, तिने प्रत्येक कपड्याच्या पोटात बदलाची जागा ठेवली होती. नवं आलं तेव्हा ती नवं शिकली होती. 'सासूबाईंची पद्धत' म्हणून मी जे सत्तावीस वर्षं विकलं ती त्यांची पद्धत नव्हतीच. ती १९९६ सालची माझी भीती होती. मला एकच गोष्ट नीट जमत होती, चार टक्सचा ब्लाऊज, म्हणून तीच त्यांची खूण ठरवून टाकली. देव दगडाचा असला की पुजाऱ्याला बरं पडतं. तो बोलत नाही, पुजारी बोलतो.

आणि मग त्या मॅडमचा चेहरा आठवला, पिशवीत परत जाणारा पांढरा झगा आठवला. सुनेची आठ वर्षं आठवली. जी बाई स्वतः दुसऱ्याच्या कात्रीवर बसून रडली होती, तिने दुसरीला कात्रीपाशी येऊही दिलं नाही. याला मी परंपरा म्हणत होते. शरम वाटली, तीही साधी नाही. चोरी उघडी पडल्यावर वाटते तशी.

सून पाणी प्यायला उठली होती. दिवा बघून आली. मी काही न बोलता पोलकं तिच्यापुढे सरकवलं. तिने आधी भोकांच्या ओळी पाहिल्या, मग उलट टाके, मग कटोरी. "तुमच्या सासूबाई तर कटोरी शिवत नव्हत्या ना?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. मी म्हटलं, "मी खोटं सांगत होते. मला माहीत नव्हतं की खोटं आहे." ती बसली. आम्ही दोघींनी मिळून राहिलेली शिलाई उसवली. नवी ओळ तिने घातली.

त्या वेळी मला ती बोटांवरची मोजणी पुन्हा ऐकायची होती. तिने सांगितली. या खेपेस मला वेगळंच ऐकू आलं. तेव्हाच्या हिशेबाने डिओरची शहात्तर वर्षं, त्यातली स्वतः डिओरची दहा. ज्याला आपण मूळ म्हणतो तो त्या कापडाचा एक कोपरा. आणि त्याचं नाव टिकलं, कारण पुढच्या माणसाने त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट, ती बारीक कंबर, सोडायची हिंमत केली. नंतर सुनेने मला २०१४ सालचा एक माहितीपट दाखवला. राफ सिमन्स तिथे २०१२मध्ये नवा आला तेव्हा पहिले कपडे त्याला आठ आठवड्यांत तयार करायचे होते, त्याची गोष्ट. मी त्याच्याकडे कमी आणि वरच्या मजल्यावरच्या कार्यशाळेतल्या पांढऱ्या कोटातल्या बायकांकडे जास्त पाहिलं. नवा साहेब कोण येणार याची त्यांना धास्ती, आणि तो आल्यावर त्याने मागितलं ते जमवायची जिद्द. काहींची तिथे कित्येक वर्षं गेली होती. घर कुठे असतं ते मला तिथे दिसलं. चिठ्ठीवर नसतं, आणि एकट्या डिझायनरच्या डोक्यातही नसतं.

म्हणजे नवा हात नेहमी बरोबरच असतो असं मी म्हणत नाही. सँ लोराँचंही एकदा लोकांना पटलं नव्हतं. २०२५मध्ये क्युरीने डिओर सोडलं आणि जोनाथन अँडरसन आला. बायका आणि पुरुष, दोघांचेही कपडे एकाच्याच हाती, हे स्वतः डिओरनंतर प्रथमच. सून फोनवर त्याचे कपडे दाखवते. काही मला आवडतात, काही बिलकूल नाही. पण आता मी म्हणते, "उलटा करून बघितल्याशिवाय कसं सांगू?"

पोलक्याच्या त्याच वर्षी, २०२३च्या दिवाळीत, मॅडम दुसऱ्या कामासाठी आल्या तेव्हा मी त्यांची माफी मागितली. त्या हसल्या. त्यांना आठवतही नव्हतं. "तो झगा ना? तो मी मुंबईत सैल करून घेतला, आता बहिणीच्या मुलीला दिलाय." मी विचारलं, "आत माया किती होती?" त्यांना कुठून माहीत असणार! म्हणजे शुलेन फर्नांडिसच्या हाताखालचा तो झगा कसा होता हे मला कधीच कळणार नाही. चांगला होता की नव्हता, ते राहूच दे. न बघता बोलले, एवढं मात्र कायमचं माझ्या नावावर आहे.

त्याआधी, नारळी पौर्णिमेला, ती नात अंजिरी पोलकं घालून मिरवणुकीत नाचत बंदरावर गेली. समोर खांदेरी-उंदेरी पावसाच्या धुक्यात अर्धवट दिसत होते. आजीने मला गर्दीतून बोलावलं आणि नातीचा दंड धरून बाहीवरून बोट फिरवलं. "हात तोच हाय गो," म्हणाली. मी सुनेकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं. आम्ही दोघींनी आजीला काही सांगितलं नाही.

आता सून बेतते. कुर्त्यांना खिसे लावते, कोळीवाड्यातल्या मुलींना ते फार आवडतात, मोबाईल ठेवायला. मला अजून खिसा पटत नाही, आणि तसं मी सांगतेही. पण एका बाबतीत मी तिच्या हाताशी उभी राहून सक्ती करते, शिलाईच्या आत दीड इंच माया सोडायची. सून वैतागते. म्हणते, "एवढी कशाला, आई? कापड वाया जातं."